ब्रेक सोडणारा ब्रेक

१२ डिसेंबर १९७० रोजी मर्सिडीज-बेंझने पत्रकारांना स्टुटगार्टमधल्या उंटरट्युर्कहाइमच्या कारखान्यात बोलावलं. कारखान्यालगतच कंपनीचा चाचणी मार्ग आहे. त्या दिवशी तिथे जे दाखवायचं होतं ते गाडीकडे नुसतं पाहून कळण्यासारखं नव्हतं. फरक जाणवत होता तो ड्रायव्हरने पूर्ण जोर लावून ब्रेक दाबल्यावर. चाकं जाम होत नव्हती आणि पेडल दाबून धरलेलं असतानाच स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळत होती. आज कुठल्याही साध्या मोटारीत मिळणारी ही गोष्ट तेव्हा जगातल्या जवळजवळ कुठल्याच मोटारीला जमत नव्हती.

‘अँटी-ब्लॉक-सिस्टीम’ असं तिचं नाव जाहीर झालं. जगाने पुढे ती ‘एबीएस’ म्हणून ओळखली. पण ग्राहकाला ती विकत मिळायला आणखी आठ वर्षं जावी लागली. स्वतःच जाहीर केलेली वस्तू कंपनीने आठ वर्षं विक्रीला काढली नाही. त्याच आठ वर्षांत अमेरिकेच्या सरकारने अशीच यंत्रणा ट्रकवाल्यांवर कायद्याने लादली आणि ते सरकार कोर्टात हरलं. एबीएसचा इतिहास समजून घ्यायचा तर या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्या लागतात. कारण कल्पना जुनीच होती. प्रश्न भरवशाचा होता. माणूस जिवाच्या आकांताने ब्रेक दाबतो आहे आणि नेमक्या त्याच क्षणी तो ब्रेक सोडण्याचा अधिकार एका यंत्राला द्यायचा, तर कोणत्या अटीवर?

मुळात ब्रेक सोडायचाच कशासाठी? गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला जोर. ब्रेकचं काम चाकाला अडवण्यापुरतं. धावत्या गाडीचा कचकन ब्रेक दाबला की चाक गाडीपेक्षा थोडं हळू फिरू लागतं. गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल आणि चाकाचा घेर ८५ च्या वेगाने फिरत असेल, तर घसरण १५ टक्के झाली. डांबरी रस्त्यावर टायरची पकड सर्वांत जास्त असते ती साधारण १० ते २० टक्के घसरणीच्या पट्ट्यात. त्यापुढे ब्रेकचा दाब वाढवला तर पकड वाढण्याऐवजी कमी होते, आणि मग चाक पूर्ण थांबायला सेकंदाचा लहानसा अंशही पुरतो.

थांबलेल्या चाकाची खरी अडचण तर पुढेच आहे. फिरणाऱ्या टायरला दिशा असते, कारण तो पुढे सहज जातो आणि आडवा जायला विरोध करतो. या विरोधामुळेच गाडी वळते. चाक जाम झालं की टायर म्हणजे रस्त्यावरून फरफटत जाणारा रबराचा तुकडा उरतो. घर्षण फक्त फरफटीच्या उलट दिशेने काम करतं, चाकाचं तोंड कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध राहत नाही. पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. मागची आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून जुने तरबेज ड्रायव्हर ब्रेक एकदम न दाबता दाब-सोड करत. प्रत्येक चाकाखालचा रस्ता वेगळा असताना एका पायाने चारही चाकांचा तोल सांभाळणं मात्र कुणालाच शक्य नव्हतं.

ही अडचण सर्वांत आधी जाणवली रेल्वेला. लोखंडी रुळावर लोखंडी चाक जाम होऊन घसटलं की त्याचा एक भाग सपाट होतो आणि मग ते चाक प्रत्येक फेऱ्याला रुळावर आपटत राहतं. मोटारींसाठीही विचार लवकर सुरू झाला. १९२८ मध्ये कार्ल वेसेल यांना ब्रेकचा जोर नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेचं जर्मन पेटंट मिळालं. १९३६ मध्ये चाकं जाम होऊ न देणाऱ्या रचनेचं पेटंट बॉशने मिळवलं. दोन्ही कल्पना कागदावर राहिल्या. चाक जाम होण्याच्या बेतात आहे हे ओळखायचं आणि तितक्यात ब्रेकचा दाब कमी करायचा, एवढं चपळ काहीच त्या काळी मोटारीत बसवण्याजोगं नव्हतं.

विमानांत मात्र ते आधी जमलं. जेट विमानं जास्त वेगाने उतरू लागली तशी धावपट्टीवर जाम झालेली चाकं ही गंभीर बाब झाली. एवढ्या वेगात फरफटलेला टायर काही क्षणांत झिजून फुटतो. ब्रिटनच्या डनलॉप कंपनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मॅक्झरेट’ नावाचं उपकरण आणलं. त्यात इलेक्ट्रॉनिक्स काहीही नव्हतं. विमानाच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रममध्ये एक छोटं गतिचक्र होतं. चाकाचा वेग एकाएकी घटला तरी आतलं गतिचक्र स्वतःच्या जोराने पुढे फिरत राही, आणि दोहोंमधल्या या फरकाने एक व्हॉल्व्ह उघडून ब्रेकचा दाब सुटे. चाक पुन्हा फिरू लागलं की व्हॉल्व्ह बंद होऊन दाब परत येई. व्हल्कन आणि व्हिक्टर ही बॉम्बफेकी विमानं, व्हायकाउंटसारखी प्रवासी विमानं मॅक्झरेट लावून उतरू लागली. ओल्या आणि बर्फाळ धावपट्टीवरही वैमानिकाला निर्धास्तपणे पूर्ण ब्रेक दाबता येऊ लागला.

विमानात यंत्रावर विश्वास ठेवणं सोपं होतं. उतरण्याचा प्रसंग ठरलेला, मार्ग सरळ, आणि पुढच्या उड्डाणाआधी यंत्रणा तपासणारे तंत्रज्ञ हजर. विमानाच्या किमतीपुढे उपकरणाची किंमतही किरकोळ. मोटारीला यातलं काहीच लागू नव्हतं. ती वर्षानुवर्षं चिखलातून, खड्ड्यांतून, वळणांवरून जाते आणि तिचा मालक बॉनेटही क्वचितच उघडतो.

तरीही प्रयोग झाले. आपल्याला बुलेटमुळे ओळखीच्या असलेल्या रॉयल एनफिल्डच्या ‘सुपर मिटिओर’ मोटारसायकलवर ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने १९५८ मध्ये मॅक्झरेट बसवून पाहिलं. चाक जाम होणं मोटारसायकलच्या बाबतीत सर्वांत घातक, कारण पुढचं चाक जाम झालं की चालक सरळ खाली येतो. निसरड्या पृष्ठभागावर थांबण्याचं अंतर चांगलंच कमी झाल्याचं या चाचण्यांत दिसलं. पण कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांना त्यात भविष्य दिसलं नाही आणि विषय तिथेच मिटला. पुढे १९६६ मध्ये जेन्सन या छोट्या ब्रिटिश कंपनीने ‘एफएफ’ नावाची चारही चाकांना ताकद देणारी मोटार आणली आणि तीत मॅक्झरेट बसवलं. रस्त्यावर धावणाऱ्या, विकत मिळणाऱ्या मोटारीत चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा प्रथमच आली होती. पण ती प्रत्येक चाकाकडे वेगळं पाहत नव्हती. चारही चाकांच्या सामाईक गिअरव्यवस्थेवर बसवलेलं एकच उपकरण साऱ्या चाकांचा मिळून अंदाज घेई. १९७१ पर्यंत अशा फक्त ३२० गाड्या तयार झाल्या.

दरम्यान जर्मनीत हान्स शेरेनबर्ग या प्रश्नाच्या मागे लागले होते. गुटब्रोड या लहान कंपनीत असताना मोटारीच्या पेट्रोल इंजिनात थेट इंधन फवारण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. १९५२ मध्ये ते मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझमध्ये परतले आणि १९५३ मध्ये त्यांनी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. घोडं अडलं होतं ते चाकाचा वेग मोजण्यापाशी. चाकाला घासून फिरणारं यांत्रिक मापक धूळ, पाणी, उष्णता आणि धक्के यांत टिकत नव्हतं. आणि वेग नुसता मोजून भागत नव्हतं. तो किती झपाट्याने घटतो आहे आणि ब्रेक सुटल्यावर किती झपाट्याने परत वाढतो आहे, हेही तत्क्षणी कळायला हवं होतं.

तोडगा निघाला हायडेलबर्गच्या टेल्डिक्स कंपनीत. टेलिफुंकन आणि अमेरिकेची बेंडिक्स यांच्या भागीदारीतली ही कंपनी विमानांची इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवत असे. तिथे १९६० च्या दशकाच्या मध्यापासून हाइन्झ लाइबर यांनी हा प्रश्न हाती घेतला होता. १९६७ पर्यंत त्यांच्या गटाने चाकाला स्पर्शही न करणारा सेन्सर उभा केला. चाकाबरोबर एक दातेरी कडं फिरतं आणि त्याच्या अगदी जवळ चुंबकावर गुंडाळलेलं तारेचं वेटोळं स्थिर असतं. प्रत्येक दाता समोरून जाताना वेटोळ्यात विजेची छोटी लहर उठते. लहरी मोजल्या की वेग कळतो. घासण्यासारखं काही नाही, त्यामुळे झिजण्यासारखंही काही नाही. या लहरींवरून निर्णय इलेक्ट्रॉनिक मंडल घेणार आणि विजेवर चालणारे व्हॉल्व्ह ब्रेक ऑइलचा दाब कमी-जास्त करणार, अशी रचना ठरली. १९७० मध्ये पत्रकारांसमोर आली ती हीच. शेरेनबर्ग तोवर कंपनीच्या संचालक मंडळावर विकास विभागाचे प्रमुख झाले होते. पेटंटच्या अर्जापासून प्रात्यक्षिकापर्यंत १७ वर्षं गेली होती.

मग विक्री का नाही? कारण मधला निर्णय घेणारा भाग कच्चा होता. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तो सुमारे १००० सुट्या इलेक्ट्रॉनिक घटकांनी बनला होता. प्रात्यक्षिकासाठी नीट जुळवलेल्या एका गाडीत तो उत्तम चालला. पण हिवाळ्यातली थंडी, इंजिनाची धग, धक्के, ओल आणि वर्षांमागून वर्षं, असं सगळं हजारो गाड्यांत सोसायचं म्हणजे एक हजार घटकांपैकी आणि त्यांच्या जोडांपैकी काहीतरी कुठेतरी बिघडणारच. रेडिओ बिघडला तर गाणं बंद पडतं. इथे तसं चालणार नव्हतं.

अमेरिकन कंपन्यांनी तोवर वाट पाहिली नव्हती. फोर्डने केल्सी-हेजच्या मदतीने १९६९ मध्ये लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क थ्री आणि थंडरबर्ड या गाड्यांना ‘शुअर-ट्रॅक’ यंत्रणा दिली. ती फक्त मागच्या चाकांपुरती होती. गाडी गर्रकन फिरण्याचा धोका कमी होत होता, पण पुढची चाकं जाम झाली की स्टिअरिंग निकामी व्हायचंच. १९७१ मध्ये क्रायस्लरने बेंडिक्सबरोबर केलेली ‘शुअर ब्रेक’ यंत्रणा इम्पिरियल मोटारीत आणली. ती चारही चाकांवर लक्ष ठेवे आणि काळाच्या मानाने बरीच पुढे होती. पण जास्तीचे पैसे मोजून ती घेणारे फार थोडे निघाले आणि काही वर्षांतच ती यादीतून गेली.

खरी परीक्षा झाली ट्रकवर. जड ट्रक आणि त्याला जोडलेला ट्रेलर यांची चाकं जाम झाली तर जोडणीपाशी सगळी गाडी दुमडते आणि शेजारच्या गाड्या तिच्या तडाख्यात सापडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने हवेच्या ब्रेकसाठी ‘मानक १२१’ आखलं आणि ते १९७५ मध्ये लागू झालं. ट्रकने ठरावीक अंतरात, चाकं जाम न होऊ देता, १२ फूट रुंद पट्ट्याच्या बाहेर न जाता थांबलं पाहिजे, अशी अट होती. नियमात उपकरणाचं नाव नव्हतं, पण तशा उपकरणाशिवाय ती पूर्ण करणं अशक्यच होतं. कारखान्यांनी हाताशी होती ती यंत्रणा ट्रकवर चढवली आणि ट्रक रस्त्यावर आले.

तक्रारींची रीघ लागली. यंत्रणा बंद पडत. रेडिओलहरींमुळे काहींच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गोंधळ होई. सर्वांत भीतिदायक प्रकार म्हणजे नको तेव्हा ब्रेक सोडला जाई. ट्रक बनवणारी पॅकार कंपनी आणि वाहतूकदारांच्या संघटना कोर्टात गेल्या. एप्रिल १९७८ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मानकातल्या थांबण्याच्या अंतराच्या आणि चाकं जाम न होऊ देण्याच्या अटींविरुद्ध निर्णय दिला. यंत्रणेची खात्री पटेल इतक्या चाचण्या सरकारने आधी केल्या नव्हत्या आणि नियम लागू झाला तेव्हा तो व्यवहार्य नव्हता, हा निकालाचा गाभा होता. सुरक्षेसाठी केलेल्या नियमामुळे रस्ता आधीपेक्षा जास्त धोक्याचा झाला असण्याची शक्यताही न्यायालयाने नोंदवली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. अमेरिकेत जड ट्रकवर अशी यंत्रणा पुन्हा सक्तीची झाली ती १९९५ च्या नव्या नियमाने, आणि त्याची अंमलबजावणी १९९७ मध्ये सुरू झाली. घाईची किंमत दोन दशकांच्या उशिराने चुकती झाली.

जर्मनीत ही आठ वर्षं वेगळ्या रीतीने खर्ची पडली. बॉशने १९७३ मध्ये टेल्डिक्समध्ये निम्मा हिस्सा घेतला आणि १९७५ मध्ये एबीएसच्या विकासाची सगळी जबाबदारी आपल्याकडे घेतली. लाइबर डाइमलर-बेंझमध्ये गेले. बॉशमध्ये हे काम युर्गन पाउल यांच्याकडे आलं. मुख्य बदल इलेक्ट्रॉनिक्समध्ये झाला. एकात्मिक चिप आल्या होत्या, त्यामुळे अंकांवर चालणारं मंडल करता आलं आणि घटकांची संख्या १००० वरून १४० च्या आसपास आली. बिघडण्याच्या जागाच कमी झाल्या. विक्रीला आलेल्या यंत्रणेचं अंतर्गत नाव ‘एबीएस २’ होतं. पहिली आवृत्ती ग्राहकापर्यंत पोचलीच नाही.

दुसरं काम गणिताचं आणि बर्फावरचं. एबीएसच्या गणितात एक मोठी गोम आहे. घसरण काढायची तर गाडीचा खरा वेग आणि चाकाचा वेग दोन्ही हवेत. पण गाडीचा वेग कळतो तो चाकांवरूनच, आणि ब्रेक मारताना चारही चाकं कमी-जास्त घसरत असतात. म्हणून कॉम्प्युटर गाडीच्या वेगाचा सतत अंदाज बांधत राहतो. त्याला भौतिकशास्त्राचा आधार मिळतो. गाडी एका मर्यादेपलीकडच्या झपाट्याने मंदावूच शकत नाही, त्यामुळे एखादं चाक त्याहून कितीतरी झपाट्याने मंदावलं तर ते जाम होण्याच्या वाटेवर आहे असं धरायचं. मग त्या चाकाचा दाब आधी रोखायचा, तरी भागलं नाही तर कमी करायचा, चाक सावरलं की पायरीपायरीने वाढवायचा. सेकंदाला अनेकदा चालणारं हे चक्र ड्रायव्हरला पेडलखाली थरथरीच्या रूपात जाणवतं.

डांबरावर हे गणित बरं जुळतं. पण बर्फावर दाब सोडूनही चाक लवकर सावरत नाही. बर्फावरून अचानक कोरड्या डांबरावर गाडी आली तर दाब लगेच वाढवायला हवा. डावी चाकं बर्फावर आणि उजवी डांबरावर असली तर दोन्हीकडे पूर्ण ब्रेक लावल्यास गाडी उजवीकडे ओढली जाते. म्हणून मागच्या दोन चाकांना मिळून एकच दाब दिला जाई, आणि तोही ज्या चाकाखाली पकड कमी त्याला सोसेल एवढाच. थोडं अंतर वाढलं तरी चालेल पण गाडी फिरता कामा नये, असा हा हिशेब. अशा सगळ्या परिस्थिती एकत्र मिळण्याचं ठिकाण म्हणजे उत्तर स्वीडनमधलं आर्येप्लोग. तिथल्या गोठलेल्या तळ्यांवर जर्मन अभियंते १९७० च्या दशकात हिवाळेच्या हिवाळे गाड्या घसरवत राहिले. त्या गावात आज हिवाळ्यात जगभरच्या मोटार कंपन्यांचा राबता असतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक अट होती. यंत्रणा बिघडलीच तर तिने स्वतःला बाजूला करायचं. गाडी सुरू होताच कॉम्प्युटर आपले सेन्सर, व्हॉल्व्ह आणि आपलं स्वतःचं मंडल तपासतो, चालतानाही तपासत राहतो. काही चुकीचं आढळलं तर एबीएस बंद होतं, समोर दिवा लागतो आणि ड्रायव्हरच्या पायाखाली नेहमीचा ब्रेक जसाच्या तसा राहतो. यंत्राला ब्रेक सोडण्याचा अधिकार मिळाला तो या अटीवर. अमेरिकन ट्रकवरच्या घाईत नेमकी हीच बाजू लंगडी पडली होती.

२२ ते २५ ऑगस्ट १९७८ या दिवसांत पत्रकार पुन्हा उंटरट्युर्कहाइमला आले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून एस-क्लास मोटारीत २२१७ मार्क ६० फेनिग जादा मोजून एबीएस मिळू लागलं, आणि पाठोपाठ बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्येही. शेरेनबर्ग आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते.

पुढचा प्रसार वेगाने झाला. १९८५ मध्ये फोर्डने युरोपात आणलेल्या स्कॉर्पिओ मोटारीच्या सगळ्या मॉडेलवर फ्रँकफुर्टच्या टेव्हेस कंपनीचं एबीएस जादा पैसे न घेता दिलं. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के १०० मोटारसायकलवर ते आलं, तेव्हा त्या यंत्रणेचं वजन ११ किलोच्या घरात होतं. ऑक्टोबर १९९२ पासून प्रत्येक मर्सिडीज मोटारीत ते मुळातच मिळू लागलं आणि १ जुलै २००४ पासून युरोपीय कंपन्यांनी तिथल्या सगळ्याच नव्या मोटारींत द्यायचं मान्य केलं. बॉशच्या यंत्रणेचं वजन सुरुवातीला सहा किलोंहून जास्त होतं, ते तोवर दीड किलोच्या आसपास आलं होतं.

आता यंत्रावर भरवसा बसला होता. पण तो जास्तच बसला तर? १९८० च्या दशकात म्युनिकमधल्या एका टॅक्सी ताफ्यात काही गाड्यांना एबीएस होतं आणि काहींना नव्हतं. बाकी गाड्या सारख्याच, ड्रायव्हरही अदलून-बदलून. अपघातांची संख्या जवळपास सारखी निघाली. प्रवासी म्हणून बसलेल्या निरीक्षकांना आपल्या गाडीत एबीएस आहे की नाही हे सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या नोंदींत एबीएसवाले ड्रायव्हर जास्त बेदरकार दिसले. वळणं कडक घेणं, लेन न पाळणं, पुढच्या गाडीच्या फार जवळ जाणं. मिळालेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्च केली होती. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी आपल्या सिद्धांताच्या पुष्टीसाठी हा अभ्यास पुढे वारंवार मांडला. माणूस ठरावीक धोका पत्करतच असतो, एका बाजूने कमी केला तर दुसऱ्या बाजूने वाढवतो, असं त्यांचं म्हणणं.

अमेरिकेतही निराशा झाली. विमा कंपन्यांच्या महामार्ग संस्थांनी १९९४ मध्ये पाहिलं तर एबीएस असलेल्या मोटारींचे दावे कमी झालेले दिसेनात. २००९ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा दीर्घ अभ्यास आला. जीवघेण्या अपघातांवर एबीएसचा निव्वळ परिणाम जवळजवळ शून्य होता. पादचाऱ्यांना आणि ओल्या रस्त्यावर इतर गाड्यांना धडकण्याचं प्रमाण कमी झालं होतं, पण एकट्या गाडीने रस्ता सोडून बाहेर जाण्याचं वाढलं होतं. जीवघेणे नसलेले अपघात मात्र मोटारींत ६ टक्क्यांनी घटले होते.

गाड्या रस्ता सोडून का जाऊ लागल्या याचं एक संभाव्य कारण त्या यंत्रणेच्या यशातच आहे. पूर्वी घाबरून स्टिअरिंग फिरवलं तरी जाम चाकांची गाडी सरळ जाई. आता ती हुकूम पाळत होती, हुकूम चुकीचा असला तरी. शिवाय पाय थरथरला की अनेक जण दचकून पेडल सोडत, आणि जुन्या सवयीचे लोक दाब-सोड करून यंत्राच्याच कामात अडथळा आणत. एबीएसने थांबण्याचं अंतर नेहमीच कमी होतं हाही गैरसमजच. ओल्या डांबरावर होतं, कोरड्यावर थोडंच. सैल खडीवर किंवा ताज्या बर्फात उलट वाढतं, कारण तिथे जाम चाकापुढे साचणारा ढीगच गाडीला अडवत असतो. ताशी १०० किलोमीटरला चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे ५० मीटर लागतात, आणि ड्रायव्हरने भानावर यायला एक सेकंद घेतला तर आणखी २८. वेग दुप्पट केला तर ब्रेकचं अंतर चौपट होतं, एबीएस असो वा नसो.

या त्रुटींची उत्तरं एबीएसच्याच सांगाड्यावर उभी राहिली. बहुतेक लोक संकटातही ब्रेक पुरेसा जोरात दाबत नाहीत हे लक्षात आल्यावर मर्सिडीजने १९९६ मध्ये ‘ब्रेक असिस्ट’ आणलं. पेडलवर पाय झपाट्याने पडला की ते उरलेला दाब स्वतः देतं. त्याआधी १९९५ मध्ये बॉशच्या अँटन व्हॅन झँटेन यांच्या गटाने केलेली ईएसपी यंत्रणा एस-क्लासमध्ये आली होती. स्टिअरिंग कुठे वळवलं आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे फिरते आहे यांची तुलना करून ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि कंपनीला ईएसपी सगळ्या ए-क्लासमध्ये बसवावी लागली. एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात खरोखर घटले ते या यंत्रणेने, आणि २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेने ती हलक्या गाड्यांना सक्तीची केली. एबीएसचे सेन्सर आणि व्हॉल्व्ह नसते तर ती उभी राहिली नसती.

भारतात हा प्रश्न मोटारींपेक्षा दुचाकींचा जास्त आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांत ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि अशा सगळ्याच नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. फक्त पुढच्या चाकापुरतं एबीएसही या नियमात चालतं. १२५ सीसी आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणाऱ्या साध्या व्यवस्थेवर भागवता आलं. पण शेतावर, कामावर, बाजाराला जाण्यासाठी बहुतेक लोक याच गाड्या घेतात. पुण्याजवळ चाकणला बॉशच्या कारखान्यात एबीएस तयार होतं, म्हणजे वस्तू हाताशी आहे. अडतं ते गाडीच्या किमतीत पडणाऱ्या भरीपाशी.

दुचाकीला एबीएसचा उपयोग होतो हे सुपर मिटिओरवर १९५८ मध्येच दिसलं होतं. तिथून आपल्या २०१८ च्या नियमापर्यंत ६० वर्षं होतात. त्यातली पहिली २० यंत्राला भरवशालायक व्हायला लागली आणि ती वाया गेली असं अमेरिकन ट्रकवाल्यांचा अनुभव पाहिलेला कुणी म्हणणार नाही. उरलेल्या ४० पैकी काही आकार आणि वजन कमी करण्यात गेली. बाकीची मात्र किमतीच्या हिशेबात गेली, आणि ज्याला ब्रेकची सर्वांत जास्त गरज त्याचा नंबर शेवटी लागला.